सोमवारची कोंबडी

श्रावणातला सोमवार होता, २०२० सालचा. डिचोलीत पाऊस असा कोसळत होता की कौलांवर कुणी सुपाने खडी ओततंय असं वाटावं. दुपारच्या खतखत्याचा वास अजून घरात रेंगाळत होता आणि आई देवासमोर बसून वाती वळत होती. तेवढ्यात सोप्यावरून माझ्या भाच्याने आरोळी ठोकली, “चिकन डिनर! चिकन डिनर मिळालं!”

आईच्या हातातली वात निसटली. “आज सोमार मरे!” ती आतूनच ओरडली. “आनी श्रावण! चिकन कोणें हाडलें?”

चिकन कुणीच आणलं नव्हतं. आमच्याकडे श्रावण लागल्यापासून चवथीपर्यंत सगळं शिवराक, म्हणजे शाकाहारी. भाचा म्हापशाचा. कॉलेज बंद, त्यांच्या वाड्यावर नेटची बोंब आणि आमच्या सोप्याच्या उजव्या कोपऱ्यात मात्र चांगली रेंज, म्हणून तो महिनाभर आजोळी येऊन राहिला होता. तो कोपरा त्याने सोडला नाही. जेवायला बोलावलं की “एक मिनिट, झोन येतोय” असं म्हणायचा. आईला वाटायचं झोन म्हणजे कुणी मित्र असेल. जॉन वगैरे.

मी मध्ये पडले आणि आईला समजावलं, की पबजी नावाच्या खेळात जिंकल्यावर फोनवर असं लिहून येतं, ‘विनर विनर चिकन डिनर’. आईने चष्मा लावून फोनमध्ये डोकावून पाहिलं. पडद्यावर एक हेल्मेटवाला माणूस पाठीला तवा अडकवून उभा होता. तिने बराच वेळ निरखलं आणि विचारलं, “तवो हाडला, मागीर चिकन खंय?”

त्या प्रश्नाने माझ्या डोक्यात घर केलं. तवा आहे, आरोळी आहे, डिनर आहे, चिकन कुठंय?

ज्यांनी पबजी कधी पाहिलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शंभर जण विमानातून एका बेटावर उड्या टाकतात. हातात काही नसतं. रिकाम्या घरांतून शोधून बंदुका, औषधं, चिलखतं गोळा करायची. एक निळं वर्तुळ, म्हणजे तो झोन, आकसत आकसत सगळ्यांना एकमेकांच्या जवळ ढकलत राहतं आणि शेवटी जो उरतो तो जिंकतो. तव्याचं म्हणाल तर तो खरोखर उपयोगी असतो, पाठीला लावला तर गोळ्या परततात. या खेळातली मला मनापासून आवडलेली गोष्ट हीच. खेळ २०१७ मध्ये आला, मोबाइलवर २०१८ मध्ये, आणि पुढच्या वर्षभरात आपल्याकडची पोरं जेवणाच्या ताटावरही डिनरच्याच गोष्टी करू लागली. चिनी पोरं तर एक पाऊल पुढे गेली. त्यांच्या भाषांतरकाराने त्या वाक्याचं साधारण ‘मोठं भाग्य, मोठा लाभ, आज रात्री कोंबडी’ असं केलं. चिनी भाषेत ‘शुभ’ आणि ‘कोंबडी’ या दोन शब्दांचे उच्चार जवळजवळ सारखे, फक्त सूर वेगळा, त्यामुळे ते फारच जमलं. तिकडे हा खेळ खेळण्यालाच ‘कोंबडी खाणं’ म्हणू लागले.

खेळ रचणारा माणूस ब्रेंडन ग्रीन, आयर्लंडचा. ब्राझीलला गेला, लग्न केलं, ते टिकलं नाही, आणि परतीच्या तिकिटाचे पैसे साठवत तिथेच अडकला. त्या दिवसांत तो दुसऱ्यांच्या खेळांत फेरफार करून आपले खेळ रचू लागला. पबजीतल्या पहिल्या बेटाचं नाव, एरांगेल, त्याच्या मुलीच्या नावावरून आलं आहे. जिंकणाऱ्यासाठी वाक्य निवडताना त्याने कुठली नवी घोषणा घडवली नाही. जुगाऱ्यांच्या तोंडची एक जुनी ओळ उचलली.

आता ती ओळ जुगाऱ्यांच्या तोंडी कुठून आली, याच्या दोन कथा सांगतात. एक लास व्हेगासची. तिथल्या कॅसिनोंत म्हणे एकेकाळी चिकनचे तीन तुकडे, बटाटा आणि एक भाजी असं ताट १ डॉलर ७९ सेंटला मिळायचं, आणि नेहमीची पैज असायची २ डॉलरची. म्हणजे एक डाव जिंकला की जेवण सुटलं, वर २१ सेंट खिशात. दुसरी कथा त्याहून जुनी, १९३०च्या मंदीतली. गल्लीबोळात भिंतीवर फासे आपटून खेळणारे बेकार लोक. ज्याचं दान पडलं त्याला त्या रात्री कोंबडी, बाकीच्यांना जे काय असेल ते. दोन्ही कथांना ठाम पुरावा नाही. पहिलीतला तो १.७९चा आकडा मला जरा जास्तच नेमका वाटतो. इतक्या चोख हिशेबाची दंतकथा बहुधा मागाहून कुणीतरी बसून जुळवलेली असते. दुसरी मला पटते. ती पटण्याचं कारण मात्र पुरावा नव्हे, ते माझ्या घरातलं आहे. त्याकडे येते.

फाशांच्या टेबलावर ती ओळ टिकली ती यमकामुळे. अमेरिकी कॅसिनोत ‘क्रॅप्स’ नावाचा फाशांचा खेळ असतो, त्यात हातात काठी घेतलेला एक माणूस फासे पुढे ढकलतो आणि प्रत्येक दानाला काहीतरी चटकदार ओरडतो. दोन एक्के पडले तर ‘सापाचे डोळे’. आपल्याकडे हे ऐकायचं तर हौजीला, म्हणजे तंबोल्याला, जावं. गोव्यात पावसाळा सोडला तर कुठल्या ना कुठल्या मैदानावर हौजी लागलेली असतेच, आणि माइकवाला अठ्ठ्याऐंशीला ‘दोन जाड्या बायका’ म्हणतो, अकराला ‘पाय’. आकडा ऐकू आला नाही तरी बायकांवरून लोक खूण करतात. ‘विनर’ला ‘डिनर’ तसंच जुळलं. यमक जुळलं की अर्थ पाठीमागून मुकाट्याने चालत येतो.

पण मला खटकलं ते वेगळंच. जिंकणाऱ्याला जेवण, असा हिशेब मराठीत मला कुठे सापडेना. आपली भाषा खाण्यावर एवढी पोसलेली, आपण भाव खातो, पैसे खातो, बोलणी खातो, हवा खातो, बुद्धिबळात घोडासुद्धा खातो. पण डाव संपल्यावर आपण जेवू घालतो तो हरलेल्याला! त्याला धूळ चारतो. तो माती खातो. अगदीच वाईट हरला तर शेण खातो. जिंकलेला नुसता बाजी मारून उभा, त्याच्या ताटात काय वाढलं ते कुणी सांगत नाही. त्यांच्या गल्लीत जिंकलेल्याचं ताट दिसतं, आपल्या गल्लीत हरलेल्याचं.

आणि जुगाराचे शब्द तर आपल्या भाषेत इतके मुरलेत की वासही येत नाही. ‘मनासारखं दान पडलं’ असं नोकरी लागल्यावर म्हणणाऱ्या माणसाला सोंगट्यांचा पट आठवतो का? फाशावर जे पडतं त्याला ‘दान’ हा शब्द कुणी कसा जोडला असेल याचं मला राहून राहून नवल वाटतं. ‘हुकमी एक्का’ पत्त्यांतून सुटून राजकारणात गेला. सगळ्यांत गमतीचा ‘पोबारा’. सोंगट्यांत तीन फासे टाकायचे. दोहोंवर सहा-सहा आणि तिसऱ्यावर एक पडला की ते दान पोबारा, पो म्हणजे एक आणि वर बारा. सगळ्यांत भाग्याचं दान. हिंदीवाले अजून त्याच अर्थाने ‘पौ बारह’ म्हणतात, कुणाची चांदी झाली की. मराठीत मात्र पोबारा करणं म्हणजे पळून जाणं. भाग्याचं दान पडल्यावर आमचा माणूस पळत का सुटला? मला वाटतं, शहाणा होता. जिंकल्या जिंकल्या उठला आणि सुटला. बसून राहिला असता तर काय झालं असतं ते आम्ही घरात पाहिलं आहे.

आबाकाका, माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. खाणीवर ट्रक चालवायचे. वर्षातले अकरा महिने त्यांच्याइतका सरळ माणूस नव्हता. पण कार्तिकापासून जत्रांचे दिवस लागले की त्यांचे पाय थरथरत. जत्रेत दशावतारी नाटक एका बाजूला चालायचं, आणि देवळापासून जरा लांब, पेट्रोमॅक्सच्या उजेडात गडगडो. चित्रं काढलेलं फडकं जमिनीवर पसरलेलं, डब्यात फासे खुळखुळत, लोक चित्रांवर पैसे ठेवून वाकलेले. कायद्याने बंद, आणि दरवर्षी चालू. मी लहानपणी एकदा वडिलांचं बोट धरून लांबून पाहिला होता. मला आठवतो तो डबा पालथा पडतानाचा क्षण. सगळ्यांचं बोलणं एकदम थांबायचं आणि नाटकातल्या संकासुराची आरोळी तेवढी ऐकू यायची.

पहाटे काका घरी यायचे, आणि त्यांच्या हातात खाजं असायचं. ज्यांना ठाऊक नाही त्यांनी गोव्याच्या एखाद्या जत्रेला यावं: बेसनाच्या कांड्या, गुळाचा आणि आल्याचा पाक, वर तीळ. वर्तमानपत्रात बांधलेलं ते पुडकं आम्हा पोरांच्या उशाशी ठेवून काका झोपायला जायचे. आम्ही म्हणायचो, काका जिंकले! खाजं आलं की काका जिंकले, एवढं सोपं गणित. आम्हाला कुठला यमक जुळवणारा माइकवाला नव्हता, पण तेच होतं ते. विनर विनर.

मोठी झाल्यावर आईने सांगितलं. काका शर्टाच्या वरच्या खिशात खाज्याचे पैसे वेगळे ठेवायचे आणि खिशाला सेफ्टी पिन लावायचे. खेळायचे पैसे पँटीच्या खिशात. तो खिसा संपला की संपला, वरच्याला हात नाही. म्हणजे खाजं यायचंच, जिंकले काय, हरले काय. आणि बहुतेक वर्षं ते हरलेले असायचे. आई पुडक्याकडे बघायचीच नाही, ती त्यांच्या अंगाकडे बघायची. एका वर्षी मनगटावर घड्याळ नव्हतं. काकांनी सांगितलं, दुरुस्तीला दिलंय. ते घड्याळ सतरा वर्षं दुरुस्तीला होतं. काका गेले तेव्हाही आलं नव्हतं.

म्हणून ती मंदीतली, गल्लीतली कथा मला पटते. तिथेही कुणाच्या तरी शर्टाला दुसरा खिसा असेल.

भाच्याला मी हे सगळं तेव्हा सांगितलं नाही. काय सांगणार, तो तर पैसे लावून खेळत नव्हता. म्हणजे अगदीच नव्हता असं नाही. बंदुकीला रंगीत कातडी आणि अंगावर नवे कपडे यासाठी खेळातलं नाणं विकत घ्यावं लागतं आणि त्याच्या आईच्या खात्यातून अशा चार-दोन खरेद्या झालेल्या नंतर उघड झाल्या. पण त्याला जुगार म्हणणं अन्याय होईल. उलट क्रॅप्सच्या साध्या पैजेत माणूस १०० पैकी साधारण ४९ वेळा जिंकतो; पबजीत एकटं उतरलं आणि सगळे सारखेच धरले तर शंभरात एकदा. तरी पोरगा रात्र रात्र उतरायचा. नव्याण्णव वेळा धूळ खाऊन एका कोंबडीसाठी, आणि तीही दिसत नाही.

त्याच्या आदल्या वर्षी, २०१९च्या फेब्रुवारीत, गोव्याचे तेव्हाचे माहिती तंत्रज्ञान मंत्री रोहन खंवटे म्हणाले होते की पबजी हा घराघरातला राक्षस झाला आहे. बातमी देशभर गाजली. आम्हाला इथे तितकी भीती वाटली नाही. दिवाळीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यावर वर्गणी काढून, रात्री जागवून, दोन-दोन माणसं उंचीचा नरकासुर हौसेने बांधणारी माणसं आम्ही. राक्षसाशी आमचं घरचं नातं आहे.

पुढे तो राक्षस मेला, तोही परक्या कारणाने. गलवानच्या चकमकीनंतर केंद्राने चिनी ॲपांवर बंदी आणायला सुरुवात केली होती. त्यातल्या ११८ ॲपांच्या यादीत २ सप्टेंबर २०२० रोजी पबजी आला. अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस. गणपती गेले आणि पाठोपाठ हाही गेला. भाचा दोन दिवस जेवला नाही. आईने त्याला सुंगटाची आमटी वाढत समजावलं, की चवथ झाली, आता खरं चिकन करते, रडू नको. पुढच्या जुलैत तोच खेळ नव्या नावाने भारतात परतला, रक्त हिरवं करून. मारणं म्हणायचं नाही, संपवणं म्हणायचं. कोंबडी तेवढी जशीच्या तशी ठेवली होती. ती कुणालाच हिंसक वाटली नाही.

आता भाचा तेवीसचा आहे आणि मांडवीतल्या एका कॅसिनोत डीलर आहे.

हे लिहायला मला जितकं जड जातं तितकं त्याला सांगायला जात नाही. पणजीच्या किनारी रस्त्यावरून संध्याकाळी चाललं की समोर पाण्यात त्या बोटी झगमगताना दिसतात. लहानपणी बेतीला जायच्या फेरीबोटीतून दिसायची ती मांडवी हीच, यावर विश्वास बसत नाही. १९७६च्या जुगारबंदी कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत जुगाराच्या यंत्रांना, म्हणजे स्लॉट मशिनांना, वाट दिली, १९९६ मध्ये तरंगत्या बोटींवर टेबलांना. जमिनीवरचा गडगडो गुन्हा, पाण्यावरचा पर्यटन. २०२०च्या फेब्रुवारीपासून तर गोंयकारांना तिथे खेळायला मनाई आहे. खेळायला मनाई, खेळवायला नाही. आमची पोरं गणवेश घालून रात्रभर बाहेरच्यांना पत्ते वाटतात. तिकडे २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ देशभर बंद केले, तेव्हा भाच्याने मला फोनवर हसत विचारलं, “मावशी, बोट ऑनलाइन ना न्ही?”

त्याच्या गणवेशाला खिसे नाहीत. त्यानेच सांगितलं. चिप्स लपवता येऊ नयेत म्हणून. टेबल सोडताना दोन्ही हात झटकून, तळवे वर करून दाखवायचे. मला आबाकाकांचा सेफ्टी पिन लावलेला खिसा आठवला आणि या वेळी मात्र मी त्याला सांगून टाकलं, घड्याळासकट सगळं. आम्ही पणजीत एका रस-ऑम्लेटच्या गाड्यावर उभे होतो. त्याची पाळी नऊला सुरू व्हायची होती. त्याने नीट ऐकलं. मग म्हणाला, “आमच्याकडे घड्याळच नसतं भिंतीवर. गिऱ्हाइकाला वेळ कळू नये म्हणून.”

मी विचारलं, ते वाक्य तिथे कधी कुणी म्हणतं का. म्हणजे ज्या टेबलावरून ते निघालं असं सांगतात, तिथे.

“गेल्या महिन्यात म्हटलं एकाने,” तो म्हणाला. माझ्या भाच्याच्याच वयाचा एक पाहुणा, मित्रांबरोबर आलेला. ब्लॅकजॅकच्या पत्त्यांत एकवीस लागले तसा दोन्ही हात वर करून ओरडला, विनर विनर चिकन डिनर! अख्खं टेबल हसलं. शेजारच्या टेबलावरच्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळे तिशीच्या आतले, सगळ्यांना ते फोनवरूनच ठाऊक. कुणा लास व्हेगासच्या ताटाशी त्यांचं देणं नव्हतं. भाच्याला हसायची परवानगी नसते. त्याने चिप्स मोजून पुढे सरकवल्या. “पण मावशी, माझ्या तोंडून ‘नाइस’ जाता जाता राहिलं. श्रावणात तुमच्या सोप्यावर ओरडायचो तसं.”

“मग त्या मुलाचं काय झालं?”

“काय होणार. बसला ना. अकरा वाजता गेला, हरून. पोबारा करायला हवा होता.”

हा शब्द त्याने आजीकडून उचललाय. मला बरं वाटलं.

गाड्यावाल्याने आमच्यासमोर प्लेटी ठेवल्या. दोन अंड्यांचं ऑम्लेट, वर शागुतीचा गरम रस, चिरलेला कांदा, लिंबाची फोड, बाजूला उंडे. रस म्हणजे नुसता रस. चिकनचे तुकडे हवेत तर वेगळे पैसे. भाच्याने पाव मोडून बुडवला, दोन-तीन घास भराभर खाल्ले आणि एकदम हात थांबवला.

“मावशी, आज वार कुठला?”

मी आठवून पाहिलं. “सोमवार.”

आम्ही दोघंही प्लेटींकडे बघत राहिलो. आईला आम्ही सांगितलं असतं की तिने काय म्हटलं असतं, ते दोघांनाही ठाऊक होतं. अंड्याचं एक वेळ तिने चालवून घेतलं असतं. पण रस तर चिकनचा.

भाच्याने चमच्याने रस ढवळून पाहिला, या बाजूने, त्या बाजूने. मग तोंड वर करून अगदी गंभीरपणे म्हणाला, “पूण हातूंत चिकन खंय आसा?”